ओढ्यापलीकडची दुरडी

"उतरव आधी! माझ्या भाकरी खाली उतरव, मग जा कुठं जायचं तिकडं."

काकू ओट्यावर उभी राहून ओरडत होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. डावा हात माझ्यावर रोखलेला. माझ्या काकूचा आवाज असा आहे, की तिनं आमच्या नेवासा तालुक्यात तोंड उघडलं की शेवगाव तालुक्यातल्या म्हशी दूध चोरतात. तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगतोय. वाढवतोच थोडं, पण म्हशींचं खरं आहे.

मी ट्रॉलीच्या कोपऱ्यात एका पाटावर अनवाणी उभा होतो. छातीवर बिल्ला. त्यावर 'भाकरी विभाग प्रमुख'. ट्रॉलीत पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, आणि त्यावर बाजरीच्या भाकरींचा एवढा ढीग, की कावळे वरून उडताना जरा वळसा घालून जात होते. काकूची दुरडी नुकतीच त्या ढिगात रिकामी झाली होती. काकूनं चाकाला हळद-कुंकू वाहिलं होतं, नारळ फुटला होता, खोबरं वाटून झालं होतं. सगळं गोडीत चाललं होतं. मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की चला, आता ट्रॅक्टर ओढ्यापलीकडं घ्या.

आता हे काय प्रकरण आहे ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखेच गोंधळाल.

आमच्या गावात दरवर्षी सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि आमटी-भाकरीचा महाप्रसाद. आमटी देवळामागे शिजते, अशा कढईत, की तिच्यात शहरातल्या, सावेडीच्या आमच्या फ्लॅटचा हॉल सोफ्यासकट बुडेल. भाकरी मात्र देऊळ करत नाही. त्या घरोघरी होतात. पहाटेपासून अख्खं गाव भाकरी थापत असतं, मग गल्लोगल्ली ट्रॅक्टर फिरतो आणि प्रत्येक दारात दुरडी रिकामी करून घेतो. ट्रॅक्टर दारात आला की बाया चाकाची पूजा करतात, नारळ फोडतात. ज्याच्या दारात ट्रॅक्टर थांबला, त्याचं घर सप्ताहात मोजलं गेलं. एकदा ट्रॉलीत पडली की भाकरी कुणाची ते कुणी विचारत नाही. पुढाऱ्याच्या पानात शेतमजुराची आणि शेतमजुराच्या पानात पुढाऱ्याची. मी तीस वर्षं सावेडीतल्या शाळेत इतिहास शिकवला. समतेच्या धड्याला मी दरवर्षी ह्याच ट्रॉलीचं उदाहरण द्यायचो. पोरं जांभया द्यायची, पण मला भरून यायचं.

तशी सावेडीतही समता आहेच. आमच्या अपार्टमेंटची लिफ्ट बंद पडलेली आहे, त्यामुळे डॉक्टरीणबाई आणि भांडीवाल्या मावशी एकाच जिन्यानं चढतात.

तर, निवृत्त झाल्यावर यंदा पहिल्यांदाच मी सप्ताहाला पूर्ण मुक्काम टाकून होतो, काकूच्या घरी. घरात काकू आणि चुलतभाऊ, दोघंच. भावजय मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात. काकू गोठ्यात पाय घसरून पडली आणि मनगट मोडलं. पण गावात बातमी अशी होती, की ही सत्तरीची बाई डाव्या हातानं, एकटीनं, रोजच्या भाकरी थापते. लोक कौतुकानं सांगायचे. मीही ऐकून छाती फुगवली होती. आमच्या घराण्यात पराक्रम आहेच, तो एवढे दिवस बाहेर पडला नव्हता इतकंच.

शेवटच्या दिवशी उजाडायच्या सुमाराला थापण्याच्या आवाजानं जाग आली. म्हटलं, बघू तरी काकूचा डावा हात. मागच्या स्वयंपाकघरात गेलो, तर काकू स्टुलावर बसून चहा पीत होती. चुलीपुढं दुसरीच बाई. दोन्ही हात काटवटीत.

ती ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. आमच्या रानात खुरपायला, कांदे लावायला वर्षानुवर्षं येणारी. आणि त्याच्याही आधी, जिल्हा परिषदेच्या शाळेत माझ्या वर्गात बसणारी. पाढ्यांमध्ये तिनं मला कायम हरवलं. तेव्हा आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. आता ती मला तुम्ही म्हणते आणि मी तिला तू म्हणतो. हे कधी बदललं, कुणी बदललं, मला आठवत नाही.

"काय सावेडीकर, झोप झाली का?" ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "का आमच्या आवाजानं मोडली?"

"मी काकूचा पराक्रम बघायला आलो होतो."

"बघा की. कशी डाव्या हातानं चा पिती."

काकूनं कप खाली ठेवला. "उगा पोराला काही सांगू नगंस. मी मळून देते, ती थापती."

"व्हय," ती म्हणाली. "पिठाकडं बघत्यात आन् ते आपोआप मळतं."

काकू हसली नाही, पण रागावलीही नाही. दोघींचं असं बराच काळ चाललेलं दिसत होतं. ती मागच्या दारानं, गोठ्यातून यायची आणि तशीच जायची. पुढच्या ओट्यावर काकू प्लास्टर मिरवत बसायची. घरात शिजलेलं घरात राहावं, असं मला वाटलं. तरी त्या क्षणापासून माझ्या डोक्यात जो गुंता सुरू झाला, तो अजून सुटलेला नाही.

उठता उठता तिनं माझ्या बिल्ल्याकडं पाहिलं. मी बनियनवरही बिल्ला लावला होता.

"भाकरी विभाग म्हंजी ट्रॅक्टर तुमच्या हाती?"

"माझ्याच."

"मग आमच्याकडं येईल न? रातीच पीठ दळून आनलंय. हितलं झालं की घरी जाऊन माझी दुरडी करनार हाय. नारळबी आनून ठिवलाय."

"येणार म्हणजे काय. का नाही येणार?"

"दर साली येतो म्हनत्यात."

"कोण म्हणतं?"

"ज्येला बिल्ला असतो त्यो."

मी जरा वरमलो. म्हटलं, "अगं, मग डोक्यावर घेऊन ये ना देवळात. ढिगात टाकली म्हणजे झालं."

तिनं हाताचं पीठ काटवटीच्या कडेला निपटून काढलं. "डोक्यावर तर रोज वैरन आनतेच की हितं. येवढ्या साली दारात आला पायजे. तुमच्या दारात येतो तसा. आमच्या गल्लीत बाया नटून बसत्यात ओ, ट्रॅक्टरचा आवाज आला की उठत्यात आन् तो ओढ्यावरच्या फरशीपुलापासनं वळून जातो."

काकू ह्या सगळ्या वेळात भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. तिला ऐकू कमी येतं असं नाही. शेजारच्या गल्लीत कुणी तिचं नाव पुटपुटलं तरी तिला कळतं.

मी शब्द दिला. नुसता दिला नाही, घसा खाकरून दिला. इतिहासाचा मास्तर आहे, प्रसंग ओळखतो.

तर अशा रीतीनं आम्ही ओट्यापाशी आलो होतो, आणि काकू ओरडत होती.

"काकू, भाकरी उतरवायच्या कशाला?"

"खालच्या मोडत्यात. वरून दुसऱ्या पडल्या की माझ्या मोडत्यात."

"अगं, तुझ्याआधी अर्ध्या गावाच्या पडल्यात. तुझ्या तर सगळ्यांत वर आहेत."

"मग त्याच्या वर आनिक पडतील न."

मी ड्रायव्हरकडं वळलो. त्यानं काकूचा आवाज ऐकताच इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतली होती. गावचाच माणूस, माझ्या भावाकडं कामाला. मी म्हणालो, "चल, घे ओढ्यापलीकडं."

"मला काय, मी वळवीन स्टेरिंग. पर फरशीवर ट्रॉली बसत न्हाई."

"कांद्याच्या लागवडीला रोज सकाळी हीच ट्रॉली घेऊन जातोस ना वस्तीत? पार लिंबाखाली उभी करतोस."

"जातो की."

"मग तेव्हा कशी बसते?"

त्यानं चुना लावला, विचार केला, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "तवा बाया असत्यात ओ. आता भाकरी हायेत."

मी आयुष्यात पुष्कळ उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. पेशवाईचा शेवट मोबाईलमुळं झाला असं लिहिणाराही मला भेटला आहे. पण ह्या उत्तराला किती गुण द्यावेत हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण त्यात काहीतरी बरोबर होतं, आणि ते काय होतं हे मला पकडता येत नव्हतं.

"मालकाला इचारा," तो म्हणाला. "त्यो म्हनला की घेतोच."

मालक म्हणजे माझा चुलतभाऊ. तो देवळाच्या मंडपात पाहुण्यांच्या खुर्च्या लावत होता. सुधारलेला माणूस. ठिबक, शेततळं, हातात दोन मोबाईल. मला बघून त्यानं खांद्यावर हात टाकला.

"दादा, तू तिकडं सावेडीत राहतो, तुला वाटतं गावात अजून ते जुनं चालतं. आपल्याकडं भेदभाव राहिलाच नाही. माझ्या मित्रांमध्ये विचार कोण कोण आहे."

"छान. मग ट्रॅक्टर पाठव."

"पाठवायला माझी काहीच हरकत नाही."

"मग सांग ड्रायव्हरला."

"सांगतो की. पण कमिटीचं ठरलेलं असतं रे. आपण मधेच वळवला तर ते म्हणणार, ट्रॅक्टर ह्यांचा म्हणून हे मनाला येईल तसं करतात. अध्यक्षांना विचारून घे एकदा. माझं नाव सांग."

अध्यक्ष मंडपाच्या दुसऱ्या टोकाला स्पीकरवर बोलत होते. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का, आवाज मधात बुडवून काढलेला. मी पोचलो तेव्हा ते नेमकं माझ्याच घराण्याचं कौतुक करत होते. "...आनि मंडळी, आपल्या गावच्या त्या माउलीनं एका हातानं, एका हातानं बरं का, दुरडीभर भाकरी थापून देवाच्या चरणी वाहिल्या. अशी भक्ती बघा." मंडपात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. काय करणार, सवय.

माइक बंद झाल्यावर मी विषय काढला. अध्यक्षांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"मास्तर, ओढ्यापलीकडची सगळी मान्सं आपलीच. मंडप झाडायची सेवा त्यांचीच हाय. आमटीचं जळान त्यांनीच फोडलं. भाकरीचा तरास कशाला द्यायचा गरिबांना?"

"त्रास झालाय आधीच. पीठ दळलंय, भाकरी तयार आहेत."

"मग आनू द्या की. आपन न्हाई म्हनलोय का? आनतील, आपन घिऊ. देवाच्या दारात कसला भेद?"

"त्यांचं म्हणणं आहे, ट्रॅक्टर दारात यावा."

"यावा की."

"मग पाठवा."

"मी कसा धाडू? ट्रॅक्टर कमिटीचा न्हाई. तुमच्याच भावाचा हाय. त्येला इचारा."

"तो म्हणतो तुमचं ठरलंय."

"छ्या. आमचं कशाला ठरल? अशी गोष्ट कुनी ठरवीत असतं का?" ते खरोखर दुखावले. "तुमच्या काकूंना इचारलं का? त्यांच्या दारातनंच शेवटचा फेरा सुटतो. थोरल्या मान्सांचा शब्द असतो."

म्हणजे मी फिरून पुन्हा ओट्यापाशी. पृथ्वी गोल आहे हे भूगोलाच्या मास्तरनं मला कधी इतकं पटवून दिलं नव्हतं. आणि गंमत अशी, की ह्या सगळ्या फेऱ्यात मला एकही माणूस वाईट भेटला नाही. सगळे गोड बोलले. 'नाही' हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. कुणी म्हटला असता तर बरं झालं असतं, भांडायला जागा मिळाली असती. मी भांडणात तरबेज आहे. पण इथं जिकडं धक्का द्यावा तिकडं उशी.

ओट्यावर काकू आता खाली बसली होती. ड्रायव्हरची तंबाखू संपली होती. मी काकूशेजारी बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, "काकू, खरं सांग. काय अडलंय?"

काकूनं आजूबाजूला बघितलं. मग तिच्या मानानं ती कुजबुजली. म्हणजे फक्त आमच्या गल्लीला ऐकू गेलं असेल.

"आरं येड्या, दोन्ही दुरड्या एका ट्रॉलीत पडल्या म्हंजी बाया वळखतील न."

"काय ओळखतील?"

"हात."

मला कळेना. तिनं ट्रॉलीकडं बोट केलं. "जा, बघ माझी भाकर."

मी जाऊन एक उचलली. मोठी, पातळ, गोल, आणि कडेला तीन बोटांचे ठसे, ओळीनं. दुसरी उचलली. तिलाही तीन बोटं. सगळ्यांना. पहाटे मी बघितलं होतं, थापून झाल्यावर भाकरी उचलताना ती वस्तीतली बाई कडेला तीन बोटं दाबते, तिची ती सवय. माझ्या काकूच्या भाकरी मी लहानपणापासून खाल्ल्या आहेत. त्या आकारानं आमच्या जिल्ह्याच्या नकाशासारख्या असायच्या आणि जाडीला वहाणेसारख्या.

"समद्या बायांना हात कळतो," काकू म्हणाली. "तिच्या दारातनं तीन बोटांच्या आल्या, माझ्या दारातनंबी तीन बोटांच्या आल्या. मग मी काय तोंड दावू? एका हाताची म्हनून स्पीकरवर सांगितलंय त्या अध्यक्षानं."

"तू सांगितलंस म्हणून त्यानं सांगितलं."

"मी कुठं सांगितलं? मी फकस्त न्हाई म्हनले न्हाई."

तेवढ्यात स्पीकरवरून अध्यक्षांचा मधाळ आवाज आला, की काल्याचं कीर्तन सुरू व्हायचं आहे, त्याआधी भाकरीचा ट्रॅक्टर कुठं असेल तिथून त्वरित मंडपाकडं यावा. ड्रायव्हरनं चावी फिरवली. मी पळत जाऊन ट्रॉलीत चढलो, आणि ओरडलो, "ओढ्याकडं घे, ओढ्याकडं." इंजिनच्या आवाजात त्याला ते ऐकू आलं नाही, किंवा आलं. कोपऱ्यावर ट्रॅक्टर हळू झाला. डावीकडं फरशी दिसत होती, फरशीच्या पलीकडं लिंबाखाली रंगीत लुगड्यांची ओळ उभी राहिलेली दिसत होती. ट्रॅक्टर उजवीकडं वळला. मी बिल्ला लावून, हात वर करून, पाटावर तसाच उभा. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, मी निरोप देतोय.

मंडपामागे बाया ट्रॉलीतल्या भाकरी उतरवून चळती लावत होत्या. मी मदतीला गेलो, म्हणजे मधे उभा राहिलो. भाकरी उतरताना त्यांची तोंडं चालूच होती. ही कच्ची राहिली, ही अमक्या गल्लीची, हिच्या सुनेला अजून हात बसला नाही. काकू म्हणाली ते खरं होतं, ह्यांना हस्ताक्षर वाचावं तशी भाकरी वाचता येत होती.

"ह्या तीन बोटांच्या बाजूला काढा ग," एक म्हातारी म्हणाली. "म्हाराजांना आन् पाव्हन्यांना ह्याच वाढा. सांजच्यालाबी मऊ ऱ्हात्यात."

काकूची अब्रू आता गेली, असं मला वाटलं. मी सावधपणे विचारलं, "कुणाच्या आहेत ह्या?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या आणि मग सगळ्याच हसल्या. म्हातारी म्हणाली, "सावेडीकर, तुमाला काय येड्यात काढलंय का काकूनं? अख्ख्या गावाला ठाव हाय कोन थापतं ते. मागच्या दारानं जाती, आमाला काय दिसत न्हाई व्हय?"

"मग ते एका हाताचं कौतुक?"

"म्हातारीचं मन राखायचं. तिला वाटतं कुनाला कळलं न्हाई. आमाला कळलंय हे तिला कळून काय करायचं?"

मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथंच खाली बसलो. सगळंच सुटलं होतं. सगळ्यांना ठाऊक, कुणाला काही वाटत नाही, उलट पाहुण्यांच्या पानात मुद्दाम तिच्याच हातच्या. मग आता अडलं कुठं?

"मग आत्ता पाठवू या ना ट्रॅक्टर ओढ्यापलीकडं," मी म्हणालो. "तिच्या घरी अशीच आणखी एक दुरडी भरलेली आहे. वस्तीत बाकीच्यांच्याही असतील."

हसणं थांबलं. रागानं नाही. गाडी थांबते तसं थांबलं. म्हातारीनं हातातली भाकरी चळतीवर ठेवली, तिची कड नीट केली.

"अवो," ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "ह्या तुमच्या काकूच्या घरातनं आल्यात."

आणि सगळ्या पुन्हा चळती लावायला लागल्या. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. मला वाटलं ती पुढं काही बोलेल. तिचं बोलून झालं होतं.

मग काल्याचं कीर्तन झालं. महाराजांनी रंगवून सांगितलं, गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, देवानं सगळ्यांचं एकत्र कालवलं, कुणाचं काय हे कुणाला ओळखू येईना, आणि तोच प्रसाद. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षांनी डोळे पुसले, माझ्या भावानं दोन्ही मोबाईलवर शूटिंग केलं. मीही गहिवरलो, पण मधूनच माझं लक्ष फरशीकडं जात होतं. कीर्तनानंतर पंगतींत वाढायला वस्तीतले पुरुष होते, आमटीच्या बादल्या त्यांच्याच हातात होत्या, लोक "इकडं, इकडं" करून वाढून घेत होते. बायांच्या पंगतीत मी तिला शोधलं. ती आली नव्हती. तिच्या गल्लीतली एकही बाई आली नव्हती. महाराजांनी तीन बोटांच्या चार भाकरी खाल्ल्या आणि भरल्या तोंडानं काकूला आशीर्वाद दिला. काकूनं डाव्या हातानं नमस्कार केला.

माझ्या पानात कुणाची भाकरी आली होती, कोण जाणे. मी ती उलटसुलट करून बघितली. मला वाचता येईना.

दिवस कलला तेव्हा काकूनं मला ओट्यावर बोलावलं. दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरचे पाहुणे जेवायला यायचे होते. प्लास्टर अजून काही निघणार नव्हतं.

"ती आज दिसली न्हाई पंगतीला," काकू म्हणाली. तिनं गळ्यातला हात सावरला. मग, "जा बरं, तिला सांगून ये. म्हनावं, उद्या जरा लवकर ये."

"मी जाऊ?"

"मग काय मी जाऊ, हा हात घिऊन?"

मी निघालो. फरशीवरून चालत गेलो. ती चांगली रुंद आहे, तिच्यावरून ट्रॉलीच काय, महाराजांचा मंडप खुर्च्यांसकट गेला असता. वस्तीत शिरल्यावर पहिल्यांदा दिसल्या त्या रांगोळ्या. प्रत्येक दारापुढं, आणि बरोबर ट्रॅक्टरचं चाक थांबेल एवढी जागा सोडून. तिच्या दारात ताट होतं, ताटात हळद, कुंकू आणि न फोडलेला नारळ. दुरडी तिनं उघडली होती, आणि गल्लीतल्या बाया कोंडाळं करून भाकरी, ठेचा आणि कांदा खात बसल्या होत्या. नटलेल्या होत्या सगळ्या. मला बघून कुणी उठलं नाही, कुणी बसा म्हणालं नाही, कुणी रागानंही बघितलं नाही.

"या सावेडीकर," ती म्हणाली. "बिल्ला कुठं गेला?"

"पंगतीत पडला वाटतं."

"घ्या, भाकर खा. ही माझ्या घरची हाय."

मी उभ्यानंच खाल्ली. कडेला तीन बोटं. तीच बाजरी, तीच चव. माझ्या जिभेचं सगळ्या तालुक्यात नाव आहे, आमटीतलं मीठ मी वासावरून सांगतो. पण काकूकडं आठवडाभर खाल्लेल्या भाकरीत आणि ह्या भाकरीत मला तसूभर फरक सापडेना. शोधत शोधत मी सगळी संपवली. वाटेत मी बरंच जुळवून ठेवलं होतं, ड्रायव्हर काय म्हणाला, अध्यक्ष काय म्हणाले, आपलं कसं कुणी ऐकलं नाही. ते सगळं भाकरीबरोबरच पोटात गेलं होतं. शेवटी मी निरोपच सांगितला.

"काकूनं उद्या लवकर बोलावलंय. पाहुणे आहेत."

बायांचं खाणं थांबलं. तिनं दुरडीवरचं फडकं झटकलं, त्याची घडी घातली, आणि ती घडी नारळाच्या ताटावर झाकून ठेवली.

"ट्रॅक्टर धाडा," ती म्हणाली.